हिरवा ब्लाउजपीस

१२ जून आला की बाबा दोन निकालांची आठवण काढतात. पहिला १९७५चा. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली, तो. दुसरा आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचा. म्हणजे खरं तर इराणचा. २००९ साली तिकडे १२ जूनलाच अध्यक्षपदाचं मतदान झालं होतं. पण आमच्या घरात तो तिचाच निकाल. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिचे आईवडील अजून तेहरानमध्ये आहेत.

ती पुण्यात फार्मसी शिकायला आली होती. तेव्हा कोंढवा, कॅम्प, साळुंके विहार या भागांत इराणी विद्यार्थी इतके होते की आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला फारसीत दहापर्यंत आकडे यायचे. आई भाकरी थापायला बसली की ही ओट्याशी येऊन उभी राहायची. आईला काकू आणि बाबांना काका म्हणायची. बाकी सगळं बोलणं मोडक्या हिंदीत.

१३ जूनला सकाळीच ती खाली आली. डोळे सुजलेले. बाबांना म्हणाली, "काका, इतनी जल्दी गिना कैसे?"

बाबा महापालिकेच्या शाळेत शिक्षक, निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही. मतपत्रिकांच्या काळात मोजणीच्या टेबलावर त्यांनी अख्ख्या रात्री काढल्यात. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि तिकडची पद्धत नीट विचारून घेतली. इराणमध्ये मतदार शिक्का मारत नाही, उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहितो. अशी जवळजवळ ३ कोटी ९० लाख मतं पडलेली. आणि मतदान संपून काही तास होतात न होतात तोच सरकारी वृत्तसंस्थेनं तेव्हाचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजादच जिंकल्याचं जाहीर करून टाकलं. अधिकृत आकडा आला तो ६३ टक्क्यांच्या आसपास. त्यांचे मुख्य विरोधक मीर हुसेन मुसावींना ३४.

"अगं, पेटी उघडायची, सील बघायचं," बाबा मलाच सांगत होते, तिला कळावं म्हणून हातांनी दाखवत. "आधी नुसते कागद मोजायचे. मग ज्याचे त्याचे गठ्ठे. शिक्का दोन चौकटींच्या मधोमध पडला तर त्या एका कागदावर पंधरा मिनिटं वाद. इथं तर अक्षर लावायचंय!" महिन्याभरापूर्वीच, १६ मेला, आपल्याकडचा लोकसभेचा निकाल लागला होता, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे सगळं ताजं होतं. मेहदी करूबी हे दुसरे उमेदवार. त्यांना बाद झालेल्या मतांपेक्षाही कमी मतं दाखवली होती. ते ऐकून बाबा उठले आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले. पुढे निवडणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या पालक परिषदेनंच मान्य केलं की ५० शहरांत नोंदलेल्या मतदारांपेक्षा मतं जास्त पडली आहेत. खुलासा असा की, माणूस तिकडे कुठल्याही गावात मत देऊ शकतो. तेवढ्यानं माझं समाधान तेव्हा झालं नाही, आजही होत नाही.

मुसावींच्या माणसांचा रंग हिरवा. तिला मनगटाला बांधायला पट्ट्या हव्या होत्या, स्वतःला आणि मैत्रिणींना. आईनं कपाट उघडलं, ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत काढली आणि त्यातला गडद हिरवा निवडला. कडेला जरीची बारीक रेघ होती. आई म्हणाली, रेघ आड येऊ दे, म्हणजे पट्टी उसवणार नाही. अकरा पट्ट्या निघाल्या. संध्याकाळी त्या सगळ्या जणी आमच्या गच्चीत उभ्या राहिल्या. आपल्या मुली स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात ना, तसा मी त्यांना बांधून दिला, नुसते डोळे दिसतील असा. फोटो गेला आणि चेहरा ओळखला गेला तर घरी परतणं अवघड. हातात फारसीत लिहिलेला कागद : "रअय-ए मन कू?" माझं मत कुठंय?

त्या प्रश्नात कुणाचं राज्य उलथवायची भाषा नव्हती. दिलेल्या मताचा हिशेब मागत होते लोक. १५ जूनला तेहरानमध्ये इन्किलाब चौकापासून आझादी चौकापर्यंत लाखो माणसं चालली, बराचसा रस्ता घोषणा न देता.

फोन हा रोजचा घोर होता. मतदानाच्या दिवसापासूनच तिकडचे एसएमएस बंद, मोबाइल मधूनमधून मेलेला. लँडलाइन तेवढी लागायची. आमच्याकडे रात्री अकराला, म्हणजे तिकडे दहाला, ती आमच्या फोनवरून आईला लावायची. बिलाचं कुणी काढायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता. तिची आई कॉर्डलेस घेऊन गच्चीवर जायची. तिथून आसपासच्या सगळ्या गच्च्यांवरून अंधारात "अल्लाहू अकबर"चा पुकारा चाले. १९७९च्या क्रांतीत इराणच्या राजाच्या, शहाच्या विरोधात याच गच्च्यांवरून हेच शब्द उठले होते. आता त्या क्रांतीतून आलेलं सरकार देवाचं नाव घेतलं म्हणून कुणाला धरणार? बाबांना ते लगेच उमगलं. "टिळकांनी १८९३ला गणपती चौकात आणला तो काय उगाच?" म्हणाले.

बाबांचं स्वतःचंही येरवडा झालेलं आहे. १४ नोव्हेंबर १९७५ला आणीबाणीविरुद्ध लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात मंडईत टिळक पुतळ्यापाशी घोषणा देताना त्यांना पकडलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी फार बोलले नाहीत, त्या मुलीला मात्र सगळं सांगितलं. बराकीतलं जेवणसुद्धा. आणि म्हणाले, "आम्हाला १९७७ला मत मोजून मिळालं, बेटा. तुम्हाला तेच मिळालं नाही."

२० जूनला तेहरानमध्ये निदर्शनांच्या वेळी नेदा आघा-सोल्तान ही तरुणी रस्त्यावर गोळी लागून गेली. सव्वीस वर्षांची. तो व्हिडिओ आईनं अर्धाच पाहिला आणि वर जाऊन त्या पोरीशेजारी बसून राहिली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

२९ जूनला पालक परिषदेनं निकाल कायम केला. १० टक्के मतांची फेरमोजणी केली, घोटाळा आढळला नाही, विषय संपला. पुढे २०११च्या फेब्रुवारीत मुसावी, त्यांच्या पत्नी झहरा रहनवर्द आणि करूबी नजरकैदेत गेले. पण त्या २९च्या रात्री आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. अकरा वाजले तरी ती खाली आली नाही. आता कशाला लावायचा फोन, असं झालं असावं तिला. बाबांनी मला तिला बोलवायला पाठवलं आणि नंबर स्वतः फिरवला.

फोन लागला. ती काही क्षण ऐकत राहिली आणि रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो कानाला लावला. मग आईकडे दिला, मग माझ्याकडे. लांबून, खरखरीतून, पण चांगला घोळक्यानं येत होता आवाज. मधेच अगदी जवळून एका बाईचा, दम लागलेला. तिच्या आईचा.