रोयणीवरची अळंबी आणि कागदावरचा डाग

आषाढात कुडाळजवळ काकीकडे गेले की रोयणीवर एक फेरी ठरलेली. रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे सातेरी देवी याच रूपात पुजतात, त्यामुळे काकी रोयणीजवळ चपला घालून जाऊ देत नाही. पायाखाली चिखल, वर जळवांची भीती!

यंदा जांभळीखाली अळंबी फुटली होती. न उमललेली कळी भाल्याच्या टोकासारखी. त्या टोकानेच ती माती फोडते. उमलली की छत्री दुधी पांढरी, मधोमध राखी-तपकिरी बोंडी, देठाला जाडसर कडं. पण देठ जमिनीशी संपतच नाही. मुळासारखी शेपटी खाली जात राहते. मी फूटपट्टी घेऊन उकरायला बसले. २६ सेंटिमीटरवर शेपटी तुटली आणि मागून काकी ओरडली, "खणू नको गो! रोयण मोडलीस तर फुडल्या वर्षी येवची नाय."

बरोबरच होतं तिचं. शेपटी थेट वाळवीच्या घरात पोचते. चावून गिळलेल्या पालापाचोळ्याच्या विष्ठेचं स्पंजासारखं पोळं करून वाळवी त्यावर ही बुरशी पोसते आणि तीच खाते. वाळवीशिवाय हिची शेती अजून कुणाला नीट जमलेली नाही.

रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२मध्ये या गटाला टर्मिटोमायसिस नाव दिलं. आमच्या अळंबीची लक्षणं जुळतात ती टर्मिटोमायसिस हाइमीशी. नटराजन यांनी १९७९मध्ये दक्षिण भारतातून नोंदवलेली, हाइमच्याच नावाची. कुळाचा मात्र घोळ. छत्रीखालचे देठाला न चिकटलेले पडदे आणि गुलाबी बीजाणू (बुरशीच्या बियाच म्हणा) बघून हिला प्लुटिएसीत बसवायचे. डीएनए तपासल्यावर ती निघाली लायोफायलेसीतली. म्हणजे इतकी वर्षं नुसत्या रंगरूपावरून सोयरीक जुळवली होती.

तो बीजाणूंचा रंग मला बघायचाच होता. एक छत्री देठ कापून पांढऱ्या कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली. सकाळी पडद्यांच्या रेघांसकट गळलेल्या बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा! हिरवट उमटला असता तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असती. खाल्ली की उलट्या. अर्थात गुलाबी ठसा म्हणजे खायचा परवाना नव्हे, गुलाबी बीजाणूंच्या विषारी अळंब्याही असतात.

काकीने कागद उजेडात धरून पाहिला. "ह्याचा काय करतलस?" म्हणाली, आणि वाटी धुवायला घेऊन गेली.