भूकंपाच्या आधी की नंतर?

अ‍ॅपमधून छापलेली कुंडली घेऊन येणाऱ्यांची आता सवय झालीय. साताऱ्यात राजवाड्याजवळ बसते मी, आठवड्याला दोन-तीन तरी येतातच. पण गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका एसटी कंडक्टरांनी कुंडलीशेजारी डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठीही ठेवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन, येत्या बुधवारी.

"रद्द करावं म्हणतो, ताई. मंगळ आठव्यात बसलाय बघा." कुंडलीच्या बारा घरांतलं आठवं संकटांचं मानतात.

कुंडली ल्युनर रिटर्नची होती. जन्मवेळी चंद्र जिथे होता तिथे तो साधारण 27 दिवस 7 तास 43 मिनिटांनी परत येतो. तो क्षण पकडून कुंडली मांडायची आणि चंद्र पुन्हा तिथे येईपर्यंतचं त्यावरून बघायचं. वर्षफलाचाच प्रकार, फक्त सूर्याऐवजी चंद्र आणि वर्षाऐवजी महिना. (तिथीप्रवेशाची कुंडली वेगळी. तिथे सूर्य-चंद्रातलं अंतर जुळवतात. दोन्ही एकच समजून तावातावाने भांडणारे मी पाहिलेत.)

कागदावर चंद्र मेषेत होता.

"तुमची रास कोणती?"

"मीन. अ‍ॅपवाल्यानं मेष का केली कुणास ठाऊक."

म्हणजे अ‍ॅप सायन. सायन राशी वसंतसंपातापासून मोजतात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून; आपल्या निरयन राशी ताऱ्यांवरून. सायनाचा आरंभबिंदू ताऱ्यांच्या मानाने वर्षाला सुमारे 50 विकला (60 विकला म्हणजे एक कला) मागे सरकतो. यांचं वय 57, म्हणजे जवळजवळ 48 कला (60 कला म्हणजे एक अंश). तेवढं अंतर कापायला चंद्राला दीडेक तास लागतो. म्हणून निरयनाचा क्षण तेवढ्या उशिरा येतो आणि तोवर लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, वीसेक अंश पुढे गेलेलं असतं. घरं लग्नापासूनच मोजतात, त्यामुळे तीही सरकतात. काही पाश्चात्य ज्योतिषी राशी सायनच ठेवून या सरकण्याची तेवढी दुरुस्ती करतात, त्यांचीही वेळ निरयनाचीच येते.

मी निरयन कुंडली काढली. मंगळ सातव्यात. कंडक्टरसाहेब खुलले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"पुढच्या महिन्यात मुलाकडं दुबईला जायचंय. तिथं गेलो तर?"

"क्षण तोच, लग्न मात्र तिथलं. अठराएक अंश मागे." काहीजण जन्मगावच धरतात. मी माणूस त्या वेळी जिथे असेल ते गाव धरते.

कागद त्यांच्या हातात देताना वर छापलेली तारीख नीट वाचली. मघाशी नुसतीच टाइप केली होती. 11 डिसेंबर 1967, पहाटे साडेपाच, तालुका पाटण.

"अहो, ही तर कोयनेच्या भूकंपाची पहाट!"

"व्हय. आजोबांनी वहीत लिवलंय. भूकंपानंतर झालो मी."

भूकंप झाला 4 वाजून 21 मिनिटांनी. नंतर तासाभराने, अंधारात, सगळा गाव उघड्यावर, आणि या बाई बाळंत होतायत. मला ते पटेना. "आई आहेत का?" विचारलं. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आरं, भुई हालली तवा तू माज्या मांडीवर हुतास," म्हातारी म्हणाली. "नाळ कापायची ऱ्हायली हुती. सुईण तशीच भायेर पळाली, हातात पातं घिऊन. मग तुजी आज्जी तिला हाताला धरून घेऊन आली."

"मग साडेपाच कुणी लिवलं?"

"तुज्या आज्यानं. घड्याळ त्येला उजाडताना घावलं, ढिगाऱ्यात."

मी सव्वाचार धरले. जन्मलग्न वृश्चिकेचं तूळ झालं. सत्तावन्न वर्षं या माणसाने भलत्याच लग्नाची कुंडली बाळगली होती. लग्नाचा मुहूर्त, मुलांच्या शाळा, घराची वास्तुशांत, सगळं तिच्यावरच बघितलेलं. जन्मीचा चंद्रही चाळीसेक कला मागे आला, म्हणजे रिटर्नची वेळ तास-सव्वातास अलीकडे.

पुन्हा मांडली. मंगळ आठव्यात!

अ‍ॅपची वेळ आणि माझी नवी वेळ यांत जेमतेम पाव तासाचा फरक. सायनाची चूक (मी तिला चूकच म्हणते) आणि आजोबांच्या वहीतली चूक, दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

कंडक्टर चिठ्ठीची घडी घालायला लागले.

"थांबा. वर्षाला अशा तेरा कुंडल्या होतात. जन्मापासून आजवर तुमच्या साडेसातशेच्या वर झाल्या. घरं बारा. म्हणजे मंगळ साठेक वेळा आठव्यात येऊन गेला असेल. कितीदा कळलं तुम्हाला?"

ते आठवत बसले. "एकदा पाय मोडला हुता. शिरवळच्या स्टँडवर."

"आणि उरलेल्या एकोणसाठ वेळा?"

मी महिन्याची कुंडली दशेशिवाय (आयुष्यात कोणत्या ग्रहाचा काळ चालू आहे ते पाहिल्याशिवाय) एकटी वाचत नाही, आणि डॉक्टरच्या तारखेवर तर मुळीच लावत नाही. ते तसंच सांगितलं. फोन अजून चालूच होता.

"ताई," म्हातारीने विचारलं, "लगीन बदललं म्हंता, मग सूनबाईचं काय?"

हसू आवरेपर्यंत मिनिट गेलं. लग्न म्हणजे उगवणारी रास हे त्यांना समजावण्यात आणखी पाच मिनिटं गेली, आणि पटलं असावं असं मला वाटत नाही.

निघताना कंडक्टरांनी दवाखान्याची चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि दक्षिणा दिली. मी तीन कुंडल्या मांडल्या होत्या, पैसे एकीचेच मिळाले. उरलेले सुटे नाहीत म्हणाले. कंडक्टर!