जनरेटर व्हॅन ते परवानग्या : आमची वाटचाल

शूटिंगच्या धंद्यात आम्ही शिरलो ते जनरेटर भाड्याने देणारे म्हणून. 2009 साली यजमानांनी एक जुनी व्हॅन घेतली. गोरेगावला फिल्मसिटीच्या आसपास मालिकांची कामं मिळायची, अधूनमधून शहरातलं बाहेरचं लोकेशन. बाहेर रात्रीचे दहा वाजून गेले की कुणीतरी तक्रार करायचं, पोलिसांची गाडी यायची आणि युनिटमधलं पहिलं बोट आमच्या व्हॅनकडे वळायचं. नटाला हळू बोल म्हणून सांगता येतं, जनरेटरला काय सांगणार? व्हॅन बंद करायला लावली की भाडं बुडायचं आमचं. म्हणून परवानग्यांच्या फायली मी स्वतःच बघायला लागले. पुढे फायलींचंच काम जास्त आलं. आज कंपनीचा मुख्य व्यवसाय तोच आहे आणि त्यातही रात्रीच्या आवाजाचा बंदोबस्त ही आमची खासियत.

नव्या निर्मात्याचा पहिला फोन ठरलेला असतो. "ताई, रात्रीच्या आवाजाची सूट तेवढी काढून द्या, पैशाचं बघू आपण." त्याला मी सरळ सांगते, असा कागद मुंबईत कुणीच देत नाही. अमेरिकेतल्या काही शहरांत पालिका शूटिंगला अशी मुभा देते, त्यामुळे तिकडचं युनिट आलं की तेही हेच मागतं. आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी आणि वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. गणपती, नवरात्र अशा सणउत्सवांतच ते दिवस संपतात. "चित्रपट म्हणजे संस्कृतीच की हो!" असा युक्तिवाद एका दिग्दर्शकाने माझ्याशी केला होता. पोलीस ठाण्यात तो करायला मात्र तो आला नाही. शिवाय त्या दिवसांत रस्त्यावर एवढा दणदणाट असतो की सिंक साउंडवाला, म्हणजे शूटिंग चालू असतानाच संवाद टिपणारा माणूस, हेडफोन काढूनच बसतो.

पालिकेचंही लोकांना नीट माहीत नसतं. रस्ता, फुटपाथ, बाग, मैदान वापरायचं तर पालिका हवीच. पण लाउडस्पीकरची लेखी परवानगी मुंबईत पोलिसांकडून घ्यावी लागते. पूर्वी प्रत्येक दारात वेगळं उभं राहावं लागायचं. आता फिल्मसिटी चालवणाऱ्या सरकारी महामंडळाची ऑनलाइन एक खिडकी आहे, अर्ज तिथून जातो. तरी स्थानिक ठाण्यात जाऊन साहेबांना वेळापत्रक समजावून सांगणं आम्ही सोडलेलं नाही. बंदोबस्तावरच्या हवालदाराला रात्री काय होणार हे आधी कळलेलं असलं की निम्मी कटकट मिटते.

सूट नसेल तर मग आम्ही विकतो काय? सूट लागणारच नाही असं वेळापत्रक. गाण्याचा प्लेबॅक, म्हणजे नाचासाठी सेटवर मोठ्याने लावलेलं गाणं, दहाच्या आत उरकायचा. राहिलाच तर नर्तकांच्या कानात इअरपीस आणि नृत्यदिग्दर्शकाने हाताने ताल द्यायचा. गोळीबार रात्रीचा असेल तर बंदुकीत बार भरायचा नाही, जाळ आणि आवाज दोन्ही नंतर चढवायचे. आवाजाचे फटाके रात्री नियमानेच बंद आहेत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र लागू असेल तर रात्रीची मर्यादा 40 डेसिबल. तिथे आम्ही लोकेशनच बदलायला सांगतो. दक्षिण मुंबईतला कचेऱ्यांचा, रविवारी ओस पडणारा बॅलार्ड इस्टेट सगळ्यांना आवडतो, पण सेंट जॉर्ज रुग्णालय तिथून फार लांब नाही. नकाशावर अंतर मोजल्याशिवाय मी होकार देत नाही.

जनरेटरचं गणित तर आमच्या घरचंच. कॅनोपीतल्या, म्हणजे आवाज कोंडणाऱ्या पेटीतल्या, जनरेटरला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45. म्हणजे ढोबळ हिशेबाने व्हॅन खिडक्यांपासून तीसेक मीटर लांब हवी, आणि भिंतींमधून आवाज परत येणारी अरुंद गल्ली असेल तर त्याहून लांब. केबल जास्त लागते, लाइटमन कुरकुरतात. कुरकुरू देत.

गिरगावातल्या चाळीतली कामं मला सगळ्यांत अवघड वाटतात. गॅलरीत माणसं झोपलेली असतात. तिथे आम्ही आदल्या आठवड्यात मराठी, हिंदी आणि गुजराती पत्रक घरोघरी देतो: किती वाजता काय चालणार, पॅक-अप कधी, आणि खाली माझा मोबाइल नंबर. तक्रार पोलिसांच्या आधी माझ्याकडे यावी हा त्यातला सरळ स्वार्थ. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी काकू दारातच अडवतात, "अगं, पोराची दहावी आहे." त्या मजल्यापुरता तरी दिवा आणि माणसं मागे घ्यायला मी प्रॉडक्शनला भाग पाडते.

एका प्रॉडक्शनने एक जनरेटर सांगून रात्री दुसरा गुपचूप आणून उभा केला. मी माणसं घेऊन निघून आले. उरलेले पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्यानंतर करारात कलमच घातलं: अर्जात नसलेलं यंत्र दिसलं तर आमचं काम तिथेच थांबेल आणि रक्कम पूर्ण द्यावी लागेल. काही गिऱ्हाइकं त्या कलमामुळे फिरकत नाहीत.

2020 च्या टाळेबंदीत शूटिंगच थांबलं, तेव्हा व्हॅनचा हप्ता भरणं जड गेलं. ती व्हॅन आम्ही नंतर विकली. आता एलईडी दिव्यांमुळे विजेची गरज खूप उतरली आहे. छोट्या दृश्यांना आम्ही बॅटरी पॅक देतो, त्याला ना धूर ना घरघर. पावसाचं यंत्र किंवा मोठे दिवे लागले की मात्र जनरेटर भाड्याने आणावा लागतो. यजमानांना पुन्हा स्वतःची व्हॅन घ्यायची आहे, मला आणखी बॅटऱ्या. त्यावर आमचं घरात अजून एकमत नाही.