सामन्याला दहा मिनिटे असताना ‘थांबा’ कोण म्हणणार?

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये मार्गदर्शक म्हणून वावरताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. एखाद्या संघाला सुरक्षिततेची किती जाण आहे, हे तपासणीच्या यादीवरून कळत नाही; सामना दहा मिनिटांवर आलेला असताना संघातला सर्वांत नवखा सदस्य ‘थांबा’ म्हणू शकतो का, आणि त्याने म्हटल्यावर बाकीचे खरोखर हात बाजूला घेतात का, यावरून ते कळते.

यातले धोके खरे आहेत. 1992 पासून होत असलेल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील रोबो बम्पर आणि बॅटरी वगळूनही पन्नास किलोच्या घरात जाऊ शकतो. त्याची बॅटरी 12 व्होल्टची, लेड-ॲसिड प्रकारची असते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे मुलांना ठाऊक असते आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण इथे प्रश्न व्होल्टेजचा नसून प्रवाहाचा आहे. रोबोचा मुख्य ब्रेकर, म्हणजे प्रवाह फार वाढला की तो तोडणारा स्विच, 120 अँपिअरचा असतो. पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला, तर तो ब्रेकर मधे येतच नाही. शेकडो अँपिअर थेट पान्यातून वाहतात, ठिणग्या उडतात आणि पाना हातात धरवणार नाही इतका तापतो. बोटातली अंगठी काढून ठेवा, टर्मिनल उघडे ठेवू नका, हे नियम यातूनच आले आहेत, आणि कारण समजलेले मूल ते कोणी बघत नसतानाही पाळते.

हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा याहून फसवी असते. टाकीत 120 पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) इतक्या दाबापर्यंत हवा साठवलेली असते आणि मुख्य स्विच बंद केला तरी ती तशीच राहते. दिवे विझले म्हणजे रोबो निर्धोक झाला, असे समजून आत हात घालणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. खरे तर झडप उघडून हवा सोडायची, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याचे डोळ्यांनी पाहायचे, वर उचललेल्या यांत्रिक हाताला टेकू द्यायचा आणि मगच हत्यार उचलायचे, हा क्रम अंगवळणी पडायला हवा.

सुरक्षाचष्म्यांबद्दल फार लिहीत नाही. मार्गदर्शकाने स्वतः तो कपाळावर चढवून ठेवला असेल, तर मुलांचेही चष्मे तिथेच दिसतात.

रोबो सुरू करण्याची एक छोटी पद्धत मात्र मला मोलाची वाटते. लॅपटॉपवर बसलेल्याने ‘सुरू करतोय’ असे मोठ्याने सांगायचे आणि रोबोजवळच्या प्रत्येकाकडून ‘मोकळे’ असे उत्तर येईपर्यंत कळफलकाला हात लावायचा नाही. या स्पर्धेच्या चालक-प्रणालीत, म्हणजे रोबो चालवण्याच्या लॅपटॉपवरील प्रोग्रॅममध्ये, स्पेस बार दाबला की रोबोला आणीबाणीचा थांबा मिळतो. चालकाला हे माहीत असतेच, पण शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत हवे.

सुरक्षिततेसाठी बक्षीस ठेवण्याबाबत मी साशंक आहे. त्यामुळे भित्तिपत्रके सुंदर होतात आणि परीक्षक फिरकले की सगळे शहाण्यासारखे वागतात. पण हुकलेले अपघात लपवले जाऊ लागतात. ‘ड्रिल निसटले, कोणाला लागले नाही’ अशी नोंद असलेली साधी वही मला भित्तिपत्रकापेक्षा जास्त सांगते, मात्र तिच्यात नाव घालून कोणाची हजेरी घ्यायची नाही, हे पथ्य मोठ्यांनी पाळले तरच. ही वही आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून वाचावी आणि एकच गोष्ट त्या आठवड्यात बदलावी. सगळे एकदम सुधारायला गेले की काहीच टिकत नाही.

आयोजकांचीही यात बाजू आहे. एखादा संघ आपणहून ‘आमची बॅटरी गळते आहे’ असे सांगत आला, तर त्याला दटावण्याऐवजी दुसरी बॅटरी मिळवून द्यावी आणि सरावाची वेळ थोडी मागेपुढे करून द्यावी. नाहीतर पुढच्या वेळी तीच बॅटरी टेप गुंडाळून गुपचूप मैदानात उतरते.