इलेक्ट्रिक पिकअप लीजवर घेताय? महिन्याचा हप्ता सगळ्यात शेवटी बघा

अमेरिकेत गाडी घ्यायचे तीन रस्ते आहेत, रोख, कर्ज आणि लीज. यातल्या लीजबद्दल घरच्यांना कितीही समजावलं तरी फोनवर एकच प्रश्न येतो, की तीन वर्षं पैसे भरून गाडी परतच द्यायची तर मग पदरात काय पडलं? पेट्रोलच्या साध्या गाडीसाठी हा प्रश्न मला पटतो. पण इलेक्ट्रिक पिकअप ट्रकसाठी नाही पटत, कारण इथे परत द्यायची सोय हीच सगळ्यात किमती गोष्ट आहे.

मी सध्या फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचं बघतोय. हिच्या किमती कशा वरखाली झाल्या बघा. २०२१ मध्ये जाहीर केली तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेल ३९,९७४ डॉलर, ते २०२३ च्या मार्चमध्ये ५९,९७४ वर गेलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने थेट ४९,९९५ वर आणलं. म्हणजे ज्यांनी त्याआधी कर्ज काढून घेतली त्यांची गाडी दारात उभ्या उभ्या स्वस्त झाली. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने सांगितलं की पूर्ण बॅटरीवरची लाइटनिंग बंद, पुढची येईल ती सोबत बॅटरी चार्ज करणारा पेट्रोलचा जनरेटर घेऊन. आता अशा गाडीला तीन वर्षांनी काय भाव येणार? ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, आणि लीजमध्ये गाडी बँकेच्या मालकीची असते म्हणून तो धोकाही बँकेच्या डोक्यावर असतो, आपल्या नाही.

हिशोब अवघड नाहीये पण शोरूममध्ये तो कुणी आपणहून दाखवत नाही. लीज संपताना गाडीची किंमत किती राहील हे बँक आधीच ठरवते, त्याला रेसिड्युअल म्हणतात आणि तो स्टिकरवरच्या, म्हणजे कंपनीने छापलेल्या किमतीच्या टक्क्यात असतो, घासाघीस करून तुम्ही ठरवलेल्या किमतीच्या नाही. समजा स्टिकर ६०,००० चा आहे, सूट वगैरे जाऊन गाडी ५०,००० ला ठरली आणि रेसिड्युअल ५० टक्के म्हणजे ३०,०००. मधले २०,००० तुम्ही ३६ महिन्यांत भरायचे, महिना ५५६ च्या आसपास. वर व्याज, ते मनी फॅक्टर नावाच्या बारीक आकड्यात लपलेलं असतं. समजा तो ०.००२५ आहे, याला २४०० ने गुणलं की ६ टक्के व्याज निघतं. ५०,००० आणि ३०,००० ची बेरीज गुणिले ०.००२५, म्हणजे महिना २०० डॉलर. एकूण ७५६, टॅक्स वेगळा.

आता खरी गंमत इथे आहे. रेसिड्युअल डीलरला सहसा बदलता येत नाही पण मनी फॅक्टर वाढवता येतो आणि वरचा पैसा त्याच्या खिशात जातो. ०.००२५ चा ०.००३५ केला की महिना ८० डॉलर वाढले, तीन वर्षांचे २,८८०, आणि कागदावर दशांशानंतर तिसऱ्या घरात एक आकडा बदललेला दिसतो बस. एका शोरूममध्ये मी सरळ विचारलं तर म्हणाले मनी फॅक्टर आम्ही सांगत नाही. नका सांगू. कायद्याने लीजच्या कागदावर रेंट चार्ज (म्हणजे पूर्ण लीजचं एकूण व्याज), ठरलेली किंमत आणि रेसिड्युअल लिहावंच लागतं, मग रेंट चार्जला महिन्यांनी भागायचं आणि जे येईल त्याला त्या दोन किमतींच्या बेरजेने भागायचं, मनी फॅक्टर समोर येतो. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, सही करायच्या आधी करा.

जाहिरातीतल्या हप्त्यावर तर अजिबात जाऊ नका. "महिना ३९९" असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात सही करताना पहिल्या हप्त्याशिवाय वेगळे ५,४०० भरा असं असेल तर ते ३६ महिन्यांत वाटून खरा हप्ता ५४९ झाला. शिवाय डाउन पेमेंट भरून घेतलेली गाडी दोन महिन्यांत अपघातात टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली तर ते पैसे साधारणपणे परत येत नाहीत, म्हणून माझं ठाम मत आहे की लीजवर डाउन पेमेंट शक्य तितकं शून्य ठेवा. आणि जुने लीजचे आकडे बघून हुरळून जाऊ नका, तेव्हा बँकेला ७,५०० डॉलरचा टॅक्स क्रेडिट मिळायचा आणि बरेचदा तो हप्त्यात उतरायचा, ३० सप्टेंबर २०२५ नंतर ते बंद झालंय.

ट्रक म्हणून वापरणार असाल तर अजून एक बघा. मोठ्या बॅटरीच्या लाइटनिंगची रेंज ३२० मैल सांगतात, पण मागे जड ट्रेलर लावला की ती निम्म्यावर येते आणि थंडीत अजून घटते. स्वस्त लीज बहुतेक वर्षाला १०,००० मैलांचं असतं, वरच्या प्रत्येक मैलाला पैसे, त्यामुळे लांब ऑफिस असेल तर सुरुवातीलाच १५,००० चं मागा. घरी २४० व्होल्टचा चार्जर बसवायचा खर्चही त्याच ३६ महिन्यांत धरा, आणि गाडी परत देताना घेतात ती डिस्पोझिशन फी पण.

दुसऱ्या एका डीलरने सगळे आकडे ईमेलवर द्यायचं कबूल केलंय. मनी फॅक्टर बँकेच्या मूळ रेटच्या जवळ असेल आणि किंमत आत्ता आहे तिथेच राहिली तर मी घेणार, नाहीतर सध्याची गाडी अजून वर्षभर आरामात चालेल.