आज आमच्या ग्रामसभेचा कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) भरला बरं का!

आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे सरपंच, भाऊसाहेब (ग्रामपंचायत अधिकारी), शिपाई आणि पारावरची चारदोन टाळकी, कोरम नाही म्हणून तहकूब करायची आणि मग तहकूब सभेला कोरम लागतच नाही त्यामुळे चहा पिऊन ठराव मंजूर, सह्या नंतर घरोघरी फिरून घेतात. यावेळी आम्ही पोरांनी वॉट्सअॅपवर नुसतं एवढंच फिरवलं की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तेवढीच माणसं लागतात, लग्नाच्या पंगतीला याच्या कितीतरी जास्त येतात राव.

आले लोक! बायका पण, महिला ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय आधीच लावून धरलेला त्यांनी. मी ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवरून गटारीच्या खर्चाची प्रिंट काढून नेलेली, वाचायला लागलो तर एकजण म्हणतो "तू कुठल्या पार्टीचा?" अरे मतदार आहे मी, बास की.

गटारीचं उत्तर काय मिळालं नाही, "बघून सांगतो". पण प्रश्न प्रोसिडिंगला (सभेच्या नोंदवहीत) लिहून घ्यायला लावला आणि लगेच मोबाईलमधे फोटो मारला त्या पानाचा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा तिथूनच सुरू करायचं. आणि काकू, तुमचं घरकुलाचं लेखी अर्जात द्या, पोच घ्या, तोंडी नको.