मनगटावरचे आकडे

इंदूरला समुद्र नाही, आणि इंदूरच्या माणसाला त्याचं फारसं दुःखही नाही. नळाला नर्मदा येते, सकाळी पोहे-जिलबी मिळते, आणखी काय हवं? त्यामुळे राजेंद्रनगरात राहणारी, साठीला टेकलेली बाई पाठीवर सिलिंडर लावून मालवणला नाहीतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला बुड्या मारते, हा आमच्या लग्नकार्यांतला हमखास विषय आहे. "घाबरत नाहीस?" असं सगळे विचारतात. "दिसतं का गं?" असं कोणी विचारत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो. पाण्याचा दाब आणि वेळ मोजून अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा तो हिशोब करत राहतो, कारण तो जास्त मुरला आणि माणूस घाईने वर आला तर अंगात त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. तो नव्हता तेव्हा हे काम प्लॅस्टिकवर छापलेले तक्ते करायचे. त्या तक्त्यांचं मूळ हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली मांडलेल्या तक्त्यांत आहे. आपल्याला यातलं काही पाठ असायची गरज नाही, आकडा वाचता आला की झालं. मी किती खोल आहे, इथे अजून किती मिनिटं थांबता येईल, वर जाताना घाई तर होत नाही ना, एवढंच कळायला हवं. १८ मीटरवर तासाभराच्या आसपास मुभा असते, ३० मीटरवर ती वीस मिनिटांवर येते. म्हणजे जिथे उजेड कमी, तिथेच आकडा नीट वाचायची गरज जास्त.

पाण्यात सगळं मोठं दिसतं, मग चष्म्याची काय गरज, असं पुष्कळांना वाटतं. मोठं दिसतं हे खरं, साधारण एक तृतीयांशाने मोठं. पण जवळही दिसतं, म्हणजे खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर. डोळ्यांचे डॉक्टर वाचायचा नंबर काढतात तो चाळीसेक सेंटिमीटरवर पुस्तक धरलंय असं समजून. तेवढ्याच अंतरावर धरलेलं मनगट पाण्यात तीस सेंटिमीटरवर आल्यासारखं होतं, आणि चाळिशीतून गेलेल्या डोळ्याला नेमकं तेच जमत नाही. हात लांब करावा, तर तोही एकदा संपतोच. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नंबर बाजूला ठेवून आधी मला नीट न्याहाळलं. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं तर, असंही मी विचारून घेतलं. लांबचं दिसणारी नेहमीची लेन्स बसवली तर जवळचं वाचायला पुन्हा चष्मा आहेच.

मास्कच्या काचेला आतून, खालच्या कडेला चिकटवायच्या छोट्या लेन्स मिळतात. त्या मी लावल्या आहेत आणि त्यांचा खूप उपयोग होतो. पण साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तो नंबर वाढवून थोडाच भरून निघतो!

म्हणून यंत्रच नीट निवडायचं ठरवलं. मुंबईच्या भाचीचं म्हणणं, "आत्या, घड्याळासारखं घे, एरवीही हातात शोभेल." शोभेल, पण वाचणार कोण? इंदूरच्या बाजारात ही वस्तू हातात घेऊन बघायला मिळत नाही, आणि फोटोत तर सगळेच पडदे टोलेजंग. मग पुठ्ठे कापले. एक घड्याळाच्या पडद्याएवढा, सव्वा इंचाचा, आणि एक शिअरवॉटर कंपनीच्या पेरेग्रीन या डाइव्ह कॉम्प्युटरचा असतो तसा २.२ इंची. त्यांवर आकडे लिहिले, चष्मा काढला आणि संध्याकाळी दिवा न लावता माजघरात हात लांब करून उभी राहिले. ह्यांनी पाहिलं, काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांचा संसार आहे.

कॅल्क्युलेटरसारख्या करड्या पडद्याची यंत्रं स्वस्त असतात. त्यांतल्या काहींचे आकडे चांगले ठसठशीत असतात आणि भर उन्हात होडीवर रंगीत पडद्यापेक्षा ती स्पष्ट दिसतात. पण खाली गेलं की बटण दाबून दिवा लावावा लागतो. शिवाय त्यातला ८ आणि ६ यांच्यात फरक फक्त एका रेघेचा, ८ आणि ९ यांच्यातही तेवढाच. धूसर नजरेला ती एक रेघ असली काय नि नसली काय. रंगीत पडदा स्वतःच उजळलेला असतो. त्यातही काळ्यावर पांढरे किंवा पिवळे आकडे बघून घ्यावेत. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश आधी अडवतं, त्यामुळे निळे आकडे तरुणांना लखलाभ.

आणि गर्दी नको. होकायंत्र, तापमान, चंद्राची कला, हृदयाचे ठोके: पडदा तेवढाच, भाडेकरू वाढले की प्रत्येकाची खोली लहान. मला तीन आकडे पुरतात. धोक्याची सूचना मनगटावर थरथरून मिळाली तर उत्तम. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने धावतो, कुठून आला ते कळत नाही. एक यंत्र वाजलं की सगळा गट आपापलं मनगट बघतो.

शेवटी २.२ इंची घेतलं. भाचीला ते ढब्बू वाटतं. त्यात हवेचा दाबही दिसतो. समुद्रकाठी तो १०१३ मिलिबारच्या आसपास असायचा, आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळे इथे ९५०च्या आगेमागे. ह्यांना हे कळल्यापासून पावसाळ्यात यंत्र चहाच्या टेबलावर असतं. चष्म्याशिवाय वाचून जाहीर करतात, "आज उतरलाय, छत्री घेऊन जा."